आदिपुरुषाचे दात

कोंभळदऱ्याचा पूर्वज दीडशे वर्षांनी गावी आला, तो सरकारी जीपच्या मागच्या सीटवर बसून. ड्रायव्हर नेमस्त माणूस. त्यानं पेटीला सीटबेल्टसुद्धा लावला होता.

पेटीबरोबर विलायतेतल्या एका जुन्या संग्रहालयाच्या डॉ. प्लम्ब बाई आल्या होत्या. बाईंना मराठी चांगलं येत होतं, आणि त्यातलं 'माफ करा' तर फारच चांगलं. उतरल्या उतरल्या त्यांनी वाडीची माफी मागितली, मग डोंगराची, मग चाकाखाली येता येता वाचलेल्या एका शेळीची. शेळीनं काही मनावर घेतलं नाही. वाडीनं मात्र घेतलं. ताशा वाजला, नारळ फुटला, आणि सरपंच काशिनाथ असवल्यानं भाषण ठोकलं. आमच्या बापजाद्याचं डोकं गोऱ्यांनी पळवलं होतं, ते आज घरी आलं, आता हा डोंगर आमच्या हातून कोण काढून घेतो ते बघतोच, असं तो म्हणाला. हे म्हणताना तो प्लम्ब बाईंकडे नाही, तर कंपनीच्या वकिलाकडे, केळुसकरांकडे बघत होता.

काशिनाथची चुलत बहीण सुगंधा तोवर देवळाच्या ओट्यावर मशीन जोडत होती. तालुक्याच्या नाते-चाचणी केंद्रात ती तंत्रज्ञ होती. आपल्याच वाडीची चाचणी आपणच करणं नियमात बसत नव्हतं, पण बाकीची दोन पदं बारा वर्षं रिकामी असल्यामुळे नियमालाही तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

पेटी उघडली. आत मऊ कापडावर एक कवटी, आणि पितळी पट्टीवर कोरलेलं: 'कोंभळ्या डोंगराचा आदिवासी. पुरुष. मानवाचा कनिष्ठ प्रकार. उत्तम नमुना. कॅप्टन ऑस्गुड यांजकडून, १८९३.'

हा ऑस्गुड वाडीला परका नव्हता. पडक्या डाकबंगल्यामागं त्याचं थडगं होतं, आणि सरकार इमानेइतबारे दर वर्षी त्याला चुना मारत होतं. जंगलखात्याचा साहेब. हातात लोखंडी चिमटा घेऊन वाड्यावस्त्या फिरायचा, लोकांची नाकं आणि डोकी मोजायचा. त्यानं जाडजूड पुस्तक लिहून सगळ्या माणसांना सात पायऱ्यांवर बसवलं होतं. कोंभळदरा सातव्या पायरीवर होता. पहिलीवर कोण, ते साहेबानं विनयानं सांगितलं नव्हतं. पुढं इथंच तापानं मेला. त्याच्या थडग्यावर वाडीतली माणसं सर्वपित्री अमावस्येला एक पान ठेवायची: नाचणीची भाकरी, सुकट, करवंदाचं लोणचं. का ठेवायची, ते कोणी विचारत नव्हतं. ठेवायचं म्हणून ठेवायचं.

सुगंधानं मशीन चालू केलं. कागदावर त्याचं नाव 'पूर्वजदर्शन संच' होतं. लोक त्याला चेहराकाढ म्हणायचे. कानामागच्या घट्ट हाडाला टाचणीएवढं भोक पाडायचं, चिमूटभर भुकटी आत सोडायची. इतकी वर्षं माती होऊन गेली तरी त्या हाडात माणसाची जनुकं टिकून राहतात. मशीन ती वाचतं आणि पडद्यावर चेहरा उभा करतं. संग्रहालयानं ते भोक कधी पाडलं नव्हतं. वंशजांच्या परवानगीशिवाय पाडायचं नाही असा त्यांचा नियम होता, आणि वंशज कोण ते भोक पाडल्याशिवाय कळत नव्हतं.

मशिनीत एक रकाना होता, 'वर्ग'. त्यात पट्टीवरचं जे असेल ते भरायचं. मशीन परदेशी संग्रहालयांच्या जुन्या वह्या वाचवून शिकवलेलं होतं, त्यामुळे जनुक आणि पट्टी यांचं भांडण झालं की त्यानं पट्टीचं ऐकायचं, असं ते शिकून बसलं होतं. सुगंधानं रकान्यात 'डोंगरी आदिवासी, कनिष्ठ' असं भरलं. तिचे ओठ आवळले गेले, पण भरलं.

पडद्यावर काळासावळा, रुंद नाकाचा म्हातारा आला. डोळे मिटून उघडले आणि बोलला, "हे वत्सांनो, मी या गिरिशिखराचा आदिपुरुष होय."

त्याला मराठी शिकवणाऱ्यानं बहुतेक पौराणिक मालिका बघितल्या होत्या. वाडी तरीही गहिवरली. कोणाला त्यात चुलता दिसला, कोणाला सासरा. एकानं तर उसनं नेलेलं फावडं परत मागितलं.

एकट्या ठमाआत्यानं पडद्याकडे बघितलं नाही. ठमाआत्या सुगंधाच्या बापाची थोरली बहीण. वय पंच्याऐंशी, संशयी स्वभावाचं वयही तेवढंच. ती पेटीपाशी वाकली, कवटीचा जबडा अंगठ्यानं वर केला आणि बाजारात बैल बघावा तसे दात बघितले.

"ह्यानं भाकरी नाही खाल्ली कधी," ती म्हणाली.

सुगंधानं तिला हळूच बाजूला घेतलं आणि लोक ऐकतायत म्हणून सांगितलं.

"ऐकू दे की. जात्यावरचं पीठ खाणाऱ्याच्या दाढा घासून सपाट होतात, दगडाची कच असते त्यात. तुझ्या आज्याचे दात बघितले नाहीस तू. ह्याच्या दाढा बघ, नव्या खलबत्त्यासारख्या. आणि ही बघ कीड. आपल्यात तेव्हा साखर कुठल्या मेल्यानं बघितली होती?"

मग ती घरी गेली आणि कोणी नारळाचा प्रसाद नेऊन दिला तोही तिनं आधी कोंबडीला घालून बघितला.

*

एवढा थाटमाट कशासाठी, तर कायद्यासाठी. कंपनीला कोंभळा डोंगर हवा होता. जगाची माहिती ढगात ठेवतात असं लोक म्हणतात खरं, पण ती कुठंतरी जमिनीवरच ठेवावी लागते, आणि थंड जागी. कोंभळ्याच्या माथ्यावर वारा बारमाही. तिथं संगणकांचं कोठार व्हायचं होतं, वाडी पायथ्याच्या पत्र्याच्या वसाहतीत जायची होती. उठायचं नसेल तर पुरावा द्यायचा. नवा कायदा म्हणत होता की १९०० सालाआधी या डोंगरावर मेलेल्या मूळ रहिवाशाचं हाड दाखवा आणि त्याच्याशी वाडीतल्या एकाचं दोन टक्के तरी नातं सिद्ध करा, मग खुशाल राहा.

वाडीनं डोंगर तीनशे पावसाळे राखला होता, पण पावसाळ्यांना कायद्यात रकाना नव्हता. आणि वाडीची जुनी मसणवट धरणात गेलेली. म्हणून तर संग्रहालयातलं एकुलतं एक डोकं लाखमोलाचं.

नात्याचा हिशेब सोपा असतो. बापाकडून निम्मं, आज्याकडून पाव, पणज्याकडून त्याच्या निम्मं. दर पिढीला दूध तेच, पाणी दुप्पट. सुगंधानं स्वतःची थुंकी नळीत घातली, काशिनाथची घेतली, वाडीतल्या चाळीस जणांची घेतली. ठमाआत्यानं दिली नाही. थुंकी आणि केस दुसऱ्याच्या हातात दिले की माणूस दिला, करणी करायला आणखी काय लागतं, असं तिचं म्हणणं. करणीवर माझा विश्वास नाही, असं सुगंधा म्हणाली, तेव्हा आत्यानं विचारलं, की मग तुझं मशीन थुंकीवरून माणूस ओळखतं ते काय आहे? सुगंधानं रिकामी नळी परत खोक्यात ठेवली.

निकाल आला. सुगंधा आणि काशिनाथ, दोघांचं कवटीशी नातं तीन पूर्णांक एक टक्का. खापरपणजोबाचा बाप. वाडीनं रात्रभर ढोल बडवला. तालुक्याच्या संगणकानं तर नातं जुळल्याबरोबर आपणहून त्या कवटीच्या नावे आदिवासी असल्याचा दाखलाही काढून टाकला.

*

आणि मग सुनावणीच्या आठ दिवस आधी परिपत्रक आलं. सरकारच्या ध्यानात आलं होतं, की 'वर्ग' हा रकाना गुलामगिरीची खूण आहे. तो आजपासून बंद. सर्व पूर्वजांचे चेहरे सुनावणीत, सर्वांसमक्ष, रकाना रिकामा ठेवून पुन्हा काढावेत.

सुगंधाला हे वाचून बरं वाटलं. अशा वेळी बरं वाटणं ही धोक्याची खूण असते, पण ती वाडीत नवीन पिढीची. दुपारी केंद्र रिकामं होतं तेव्हा तिनं रकाना रिकामा ठेवून सहज एक फेरी मारून बघितली.

पडदा उजळला. आधी रंग आला, भाजलेल्या कोळंबीसारखा. मग लांब नाक, मग निळसर घारे डोळे, लालसर मिशा.

"हे वत्सांनो," त्या मिशांमधून आवाज आला, "मी या गिरिशिखराचा आदिपुरुष होय."

सुगंधानं मशिनीची वायरच उपटली. मग दार लावलं, ऑस्गुडचं पुस्तक शोधलं, त्यातलं पहिलं पान उघडलं. चिमटा हातात घेऊन साहेब बसला होता. तोच.

संग्रहालयानं दीडशे वर्षं ज्या डोक्यावर बोट ठेवून माणसातला सगळ्यात कनिष्ठ प्रकार शिकवला, ते मोजणाऱ्याचंच डोकं निघालं. हसायला हवं होतं. तिला हसू आलंही. पण अर्ध्या वाटेतच थांबलं, कारण बंद पडद्याच्या काचेत तिला तिचे स्वतःचे डोळे दिसले. घारे. असवल्यांचे घारे डोळे, वाडीचा तोरा. काशिनाथ तर लग्नाच्या बोलणीत आधी डोळे दाखवायचा, मग जमीन.

तीन पूर्णांक एक टक्का.

*

काशिनाथनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, तो असा: "तुला वकिलानं किती देऊ केलेत?"

मग दुसरा संशय प्लम्ब बाईंवर: त्यांनीच डोकं बदललं असणार. तिसरा मशिनीवर. चौथा सुगंधाच्या नवऱ्यावर, कारण तो पायथ्याच्या गावचा होता. सगळे संशय संपल्यावर त्यानं खिशातला आरसा काढून आपले डोळे बघितले, आणि आरसा उलटा करून ठेवला.

"रकाना बंद झालाय म्हणजे अगदी बंद? का आत कुठं चालू असतो?"

इंजिनिअरचा एक आकडा आहे, तो टाकला की अजून भरता येतो, असं सुगंधानं सांगितलं. सांगायला नको होतं हे तिला लगेच कळलं.

"मग भर," काशिनाथ म्हणाला. "म्हातारा काळा दिसला पाहिजे. बास. दोन टक्के पाहिजेत, तीन आहेत. कोणाचे का असेनात."

"दादा, तो आपल्याला माणूस म्हणत नव्हता."

"कागदावर तर आताही कोण म्हणतंय? डोंगर गेला तर पत्र्याखाली बसून माणूसपण चघळायचंय का?"

सुगंधा तिथून उठली. ती ठमाआत्याकडे गेली. आत्या सुकट निवडत होती. बातमी ऐकून तिनं मान वर केली नाही, फक्त म्हणाली, "दात सांगत होते तुला."

सुगंधानं विचारलं, की साहेब इकडं पुरलाय, मग त्याचं डोकं तिकडं कसं गेलं? आत्या उत्तर द्यायच्या ऐवजी जात्यावरची ओवी पुटपुटली. सुगंधानं ती लहानपणापासून ऐकली होती आणि काहीतरी येडंबिद्रं म्हणून सोडून दिली होती:

गोरा गेला बोटीत, पेटीत निजून
धड इथंच ठेवून, माझ्या बाई

मग आत्यानं थोडं थोडं सांगितलं, तेही दार लोटून. धावजी असवले साहेबाचा शिपाई होता. मोजपट्टीचं दुसरं टोक त्याच्या हातात असायचं. त्याची बहीण गंगू बंगल्यावर चूल सांभाळायची. साहेब दिवसा तिचं नाक मोजून वहीत लिहायचा, की ही जात माणसाच्या अगदी काठावर आहे. रात्री मात्र त्याला ती वही आठवायची नाही. गंगूला कोणी विचारलं नव्हतं. घाऱ्या डोळ्यांचं पोर झालं, ते धावजीनं आपलं म्हणून वाढवलं. तेच सुगंधाच्या पणजोबाचा बाप.

"आणि ओवी?"

"ओवी गंगूची. मला एवढीच येते. दुसरी पण होती, ती माझी आजी तोंडातल्या तोंडात म्हणायची."

सुगंधा उठली. दारापर्यंत गेली आणि परत फिरली. "आत्या, साहेबाच्या पानावर नाचणीची भाकरी का गं ठेवतो आपण? गोरा माणूस. अंडं ठेवावं, बिस्किट ठेवावं. भाकरी त्यानं कधी खाल्ली नाही, तूच म्हणालीस."

आत्याच्या हातातली सुकट थांबली. पंच्याऐंशी वर्षांत तिला हा संशय आला नव्हता, याचा तिला राग आलेला दिसला.

*

ग्रामपंचायतीनं दुसऱ्या दिवशी ठराव केला, 'ऐतिहासिक थडग्याची डागडुजी.' काशिनाथ, सुगंधा आणि दोन पहारी. आत बिनमुंडक्याचं धड असणार, ते दाखवून निदान प्लम्ब बाईंच्या तोंडचं पाणी पळवू, एवढाच काशिनाथचा बेत.

फरशी सरकली, कुजकी फळी निघाली. धड होतं, कोटाची पितळी बटणं होती. आणि धडाला डोकं होतं.

"घ्या," काशिनाथ खाली बसला. "साहेबाला दोन डोकी."

सुगंधानं हातमोजा घातला, कवटी उचलली आणि जबडा अंगठ्यानं वर केला. दाढा झिजून सपाट झाल्या होत्या, पाट्यासारख्या.

ती कवटी भाकरीच्या टोपलीत, फडक्यात गुंडाळून केंद्रात गेली. रकाना रिकामा ठेवून चेहरा आला तो पाहून काशिनाथ आपोआप उभा राहिला. नाक त्याचं, कपाळ त्याचं, बोलण्याआधी मान तिरकी करायची लकब सोडली तर सगळा तोच, फक्त डोळे काळे.

"हे वत्सांनो," म्हातारा म्हणाला.

धावजीचा आणि गंगूचा बाप. साहेबानं पेटीसाठी याचंच डोकं काढलं असणार, आणि धावजीनं पेटीत घातलं ते साहेबाचं. सुगंधानं नातं मोजलं आणि आकडा दोनदा तपासला. दीड टक्का. साहेब गंगूच्या पोराचा बाप, हा गंगूचा बाप. एक पिढी मागं. दूध निम्मं.

साहेब पास. खरा पूर्वज नापास.

कोणी तरी एका पिढीनं वरचं हवं होतं, सुगंधाच्या बापाच्या पिढीतलं. तसं वाडीत एकच माणूस जिवंत होतं. सुगंधा नळी घेऊन आत्याकडे गेली. आत्यानं नळीकडे बघितलं, मग तिच्याकडे. पोरी, मशीन कंपनीच्या देशातलं, विजेची वायर कंपनीच्या खांबावरची, आणि थुंकी तेवढी माझी. ती नाही मिळायची, असं सांगून तिनं दार लावून घेतलं.

*

सुनावणी पंचायतीच्या सभागृहात, सकाळी अकराला. खुर्चीवर उपविभागीय अधिकारी गोडांबे. गोडांबे वाईट मनुष्य नव्हते. त्यांना फक्त अडीचच्या आत संपवायचं होतं. त्यांनी सुगंधाला जवळ बोलावून हळूच सांगितलंसुद्धा, की रकान्याचं परिपत्रक आपल्या कार्यालयात अजून 'प्राप्त' झालेलं नाही असं लिहिता येईल. आधीचा चेहरा चांगला होता. लोकांना आवडला होता.

काशिनाथ पहिल्या ओळीत बसून बोटांनी मांडीवर तोच इंजिनिअरचा आकडा वाजवत होता. सुगंधानं मशीन चालू केलं. आकडा तिच्याही बोटात होता. चार कळा दाबल्या, की डोंगर वाडीचा, आणि दर वर्षी हार घालायला साहेब, काळ्या रंगात. गंगूच्या चुलीवर बसलेला, कायमचा.

तिनं रकाना रिकामा सोडला.

मिशा आल्या. "हे वत्सांनो," साहेब म्हणाला.

सभागृहात बाहेरची शेळी चरताना ऐकू यायला लागली. प्लम्ब बाईंनी तोंड उघडलं, पण कोणाची माफी मागावी तेच त्यांना कळेना. केळुसकर वकील मात्र उठले, जाकीट सारखं केलं आणि शांतपणे म्हणाले, की हा मूळ रहिवासी असेल तर मी द्रौपदी. दावा खारिज व्हावा.

सुगंधानं टेबलाखालची टोपली वर काढली. कुठं मिळाली, कशी मिळाली, गंगू कोण, धावजी कोण, सगळं सांगितलं. घाऱ्या डोळ्यांचंही सांगितलं. काशिनाथनं मान खाली घातली, पण अडवलं नाही. पडद्यावर दुसरा म्हातारा आला आणि सभागृहातल्या सगळ्या माना एकदम काशिनाथकडे वळल्या.

"टक्केवारी?" वकिलांनी विचारलं.

"दीड."

"कायद्यात दोन लिहिलंय," वकील म्हणाले, आणि दुःख झाल्यासारखा चेहरा केला. गोडांब्यांनी घड्याळ बघितलं, पेनाचं टोपण काढलं.

तेव्हा मागच्या भिंतीपासची ठमाआत्या उठली. ती नुसती बघायला म्हणून आली होती, बरोबर प्यायचं पाणीही घरचं आणलेलं. ती पडद्यापाशी गेली. म्हाताऱ्यानं पडद्यात मान हलवली. आत्यानं त्याचं तोंड निरखून बघितलं.

"हा माझ्या बासारखा दिसतोय," ती म्हणाली. मग सुगंधाकडे हात केला. "आण ती नळी."

"आत्या, तू तर म्हणाली होतीस—"

"तेव्हा मला वाटलं, साहेबासाठी मागतीस. साहेबाला मी थुंकी दिली असती, पण नळीत नाही. बाला द्यायला काय भ्यायचं."

मशिनीला चाळीस मिनिटं लागतात. तेवढ्यात कोणी चहासुद्धा मागवला नाही. आत्या मशिनीशेजारीच बसून राहिली, नळी कोणी बदलत तर नाही ना, यावर डोळा ठेवून.

तीन पूर्णांक दोन.

वकिलांनी शेवटचा खडा टाकला. ही कवटी ज्या थडग्यातून काढली, त्यावर तर संगमरवरात कॅप्टन ऑस्गुड लिहिलंय. सरकारी दप्तरात हे डोकं इंग्रजाचं आहे. गोडांब्यांचं पेन पुन्हा थांबलं, कारण दगडावर लिहिलेलं खोडायचं कलम त्यांना माहीत नव्हतं.

प्लम्ब बाई उठल्या. या वेळी त्यांनी माफी मागितली नाही. आमची पट्टी खोटी, तर थडग्यावरचा दगडही खोटा, एवढंच त्या म्हणाल्या, आणि पर्समधून पेचकस काढून सगळ्यांसमोर पेटीवरची पितळी पट्टी उचकटली. "आमच्या ऑस्गुडच्या पुस्तकात सातव्या पायरीला जी मापं आहेत, ती टोपलीतल्या या डोक्याची आहेत," त्या म्हणाल्या. "मला लंडनला एक फार अवघड पत्र लिहावं लागणार आहे. पण इथं तुम्ही लिहा. मी सही करते."

अडीचला पाच मिनिटं कमी असताना गोडांब्यांनी सही केली. डोंगर राहिला.

*

साहेबाचं डोकं परत न्यायचं की इथं ठेवायचं, यावर दोन महिने पत्रापत्री चालली. संग्रहालयाला आता ते नको होतं. नमुना म्हणून त्याची किंमत गेली होती. शेवटी वाडीनंच ते त्याच्या धडाशी नेऊन ठेवलं. माणूस सगळा एका जागी असावा, असं ठमाआत्याचं मत पडलं, कोणाचा का असेना. धावजीच्या बापाला मात्र वर देवराईजवळ जागा दिली. साहेबाचा आदिवासी दाखला अजून चालू आहे. तो रद्द करायचा तर दाखलाधारकानं मूळ कागदपत्रांसह स्वतः हजर राहावं लागतं.

सर्वपित्रीला आत्यानं दोन पानं वाढली. एक देवराईत: नाचणीची भाकरी, सुकट, लोणचं. दुसरं थडग्यावर: एक उकडलेलं अंडं. सुगंधा बरोबर होती. परत उतरताना आत्या स्वतःशीच गुणगुणायला लागली, आणि सुगंधा थबकली, कारण ही ओवी तिनं कधी ऐकली नव्हती:

बापाच्या उशाला सरकारी चुना
आता कशाला रडू पुन्हा, गंगू म्हणे

"आत्या. तुला येत होती ना ही?"

"आताच आठवली."

सुगंधा थोडी पुढं चालली. मग तिच्यातला सगळा कोंभळदरा एकदम जागा झाला. धावजीनं डोकी बदलली ते कळलं. डोकं साफ कसं करायचं ते त्याला साहेबानंच शिकवलेलं, तेही कळलं. पण बोटीची तारीख ठरलेली, पेटी तयार, आणि साहेबाचा जीव नेमका त्याच आठवड्यात जावा?

"साहेब तापानंच मेला ना गं?"

"तापानंच," आत्या म्हणाली. "सगळे तसंच म्हणतात."

"सगळे म्हणजे? पहिल्यांदा कोण म्हणालं?"

आत्यानं काठी टेकली, वळून थडग्यावरच्या अंड्याकडे एकदा बघून घेतलं.

"गंगूच की. चूल तिच्याकडं होती."